खुनी कोण, हे कळल्यानंतर

(मोहाली-चंदीगडच्या नॉलेज सिटीत झालेल्या स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे त्या काकांच्या पेटीतलं एक पुस्तक मी आज सोबत आणलं आहे. तळहाताहून थोडं मोठं, पानं पिवळी पडलेली, पाठीला खाकी कागद डकवलेला. नोकरीतल्या बदल्यांमुळे काका जिथे जिथे गेले तिथे ही पत्र्याची पेटी त्यांच्याबरोबर गेली आणि शेवटी या गावात येऊन थांबली. तिच्यातूनच आपलं छोटं वाचनालय उभं राहिलं. ही जुनी रहस्यकथा उघडली की पहिल्याच पानावर, शीर्षकाच्या खाली, शिसपेन्सिलीने लिहिलेलं दिसतं: 'खुनी – डॉक्टर'. अक्षर मोठं, दाबून काढलेलं. पुढे कुणीतरी ते खोडायला गेलं तर कागद विरला, पण अक्षरं काही गेली नाहीत.

असं पुस्तक आपण बाजूला टाकू. काकांनी ते ठेवलं. मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला त्यांनी ते वाचून संपवल्याच्या तारखा लिहिल्या आहेत. त्या चार आहेत. खुनी डॉक्टर आहे हे पहिल्याच पानावर कळलेला माणूस ते पुस्तक चार वेळा शेवटपर्यंत वाचतो. या व्याख्यानासाठी मला विषय विचारला तेव्हा या चार तारखा माझ्या डोळ्यांसमोर आल्या. खुनी कोण हे कळल्यावर रहस्यकथेत काय उरतं? माझं उत्तर असं की माणसं उरतात. कोण खोटं बोललं, का बोललं, कुणासाठी गप्प राहिलं, हे सगळं उरतं. पहिल्या वाचनात आपण धावत असतो, त्यात ही माणसं नीट दिसतच नाहीत.

तुम्ही इथे बहुतेक विज्ञानात काम करणारे. आयसर, नॅनो विज्ञानाची संस्था, कृषी-अन्न जैवतंत्रज्ञानाची संस्था, सगळं या सेक्टर ८१ मध्ये हाकेच्या अंतरावर. पुराव्यावरून निष्कर्षाकडे कसं जायचं हे मी तुम्हाला सांगायला नको. पण पुराव्याचा एक प्रकार रहस्यकथेच्या वाचकाला फार लवकर कळतो. तो म्हणजे जे असायला हवं होतं आणि नाही. शेजारच्या चंदीगडचा जुना नकाशा आठवा. बारानंतर चौदा. तेरावा सेक्टर नव्हताच. तो अशुभ आकडा म्हणून वगळला, असं इथले लोक सांगतात. २०२० साली मणीमाजऱ्याला तो क्रमांक मिळाला, पण तोवर अनेक दशकं इतक्या आखीवरेखीव शहराच्या पोटात एक गाळलेली जागा होती. सरळ रेषांचे रस्ते आखणाऱ्यांच्या मनात काय होतं, हे बाकीच्या सेक्टरांपेक्षा तो नसलेला सेक्टर जास्त सांगतो.

कॉनन डॉयलच्या १८९२ सालच्या 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेत तबेल्यातून शर्यतीचा घोडा रात्री नाहीसा होतो आणि राखणीचा कुत्रा भुंकत नाही. होम्सला एवढं पुरतं. येणारा माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनावरच्या कादंबरीत दोन वाक्यांच्या मध्ये दहा मिनिटं गायब आहेत. पहिल्या वाचनात ती कुणाच्याच लक्षात येत नाहीत. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी मी यापुढे काही बोलत नाही. ज्यांनी वाचली आहे त्यांनी आज घरी जाऊन ते पान पुन्हा काढावं. एकही शब्द खोटा नाही. फक्त एक गोष्ट सांगितलेली नाही. खोटं न बोलता फसवणाऱ्या माणसाचं मन इतक्या जवळून दाखवणारं दुसरं पान मला माहीत नाही.

दुसऱ्याच्या मनात शिरायचं कसं, हा प्रश्न या साहित्यप्रकाराच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहे. एडगर अ‍ॅलन पोने १८४१ साली द्युपाँ हा गुप्तहेर उभा केला. १८४४ च्या 'द पर्लॉइन्ड लेटर' या कथेत तो द्युपाँ एका शाळकरी पोराची हकीकत सांगतो. खेळ आपल्या एकी-बेकीचा. आपण चिंचोके मुठीत धरायचो, तिथे गोट्या. तो पोरगा सगळ्या शाळेच्या गोट्या जिंकतो. कसा, असं विचारल्यावर म्हणतो की समोरचा हुशार आहे की बावळट हे ओळखायचं असेल तर मी माझा चेहरा त्याच्या चेहऱ्यासारखा करतो आणि मग माझ्या मनात काय येतं याची वाट बघतो. ही युक्ती मला फार खरी वाटते. आपल्याकडे नकला करणारी माणसं अशीच मोठी मनकवडी असतात. आधी चेहरा घेतात, मग माणूस आपोआप आत येतो. त्याच कथेत पोलीस एका मंत्र्याच्या घरात चोरलेलं पत्र शोधायला खुर्च्यांचे पाय तपासतात, गाद्यांत सुया खुपसतात. पत्र सगळ्यांना दिसेल असं समोर लटकत असतं. पोलिसांना फक्त पोलिसांसारख्या माणसाने लपवलेली वस्तू सापडते. मंत्र्याचा चेहरा घेऊन विचार करणं त्यांना जमलं नाही.

यानंतर चोवीस वर्षांनी विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' आली. ही कादंबरी आपल्या जवळची आहे. तिची सुरुवात १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या पाडावाने होते आणि शेवट सोमनाथला. मधला सगळा प्रकार इंग्लंडमधल्या एका मोठ्या घरात घडतो. मूर्तीच्या कपाळावरचा हिरा एका रात्री त्या घरातून नाहीसा होतो. शोधासाठी सगळ्यात जास्त धडपडणारा तरुण म्हणजे फ्रँकलिन ब्लेक. मूनस्टोनला दीडशेहून अधिक वर्षं झाली, तेव्हा मी उलगडा सांगतो. हिरा त्यानेच उचललेला असतो. त्याच्या नकळत त्याला अफू पाजलेली असते, आणि त्या गुंगीत, हिरा सुरक्षित राहावा या काळजीपोटी, तो चालत जाऊन हिरा घेतो. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. शोध घेणारा आणि ज्याचा शोध घ्यायचा तो, एकाच कातडीत. हे १८६८ साली लिहिलेलं आहे. फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तक यायला अजून तीन दशकं होती.

पण मूनस्टोनमधलं माझं माणूस ब्लेक नाही, रोझाना स्पिअरमन आहे. घरातली मोलकरीण, पूर्वी चोरी करून तुरुंगात राहून आलेली, एक खांदा वाकडा. ती ब्लेकवर प्रेम करते आणि ब्लेकचं तिच्याकडे लक्षही नसतं. हिऱ्याच्या खोलीच्या दाराचा रंग ओला असतो, ब्लेकच्या झोपताना घालायच्या सदऱ्याला तो लागतो. सकाळी अंथरूण-पांघरूण आवरताना तो डाग तिला दिसतो. एका क्षणात तिला वाटतं, चोर हाच, आणि हे फक्त मला ठाऊक आहे. ती तो सदरा लपवते, त्याच्या जागी तसाच दुसरा शिवून ठेवते आणि डागाचा सदरा पेटीत घालून समुद्रकाठच्या रुतत्या वाळूत दडवते. ती त्याला वाचवते, पण त्या सदऱ्याच्या जोरावर तो कधीतरी आपल्याकडे बघेल अशी आशाही तिच्या मनात असते. तो बघत नाही. शेवटी ती त्याच वाळूत जीव देते. घरातल्या प्रत्येकाच्या कपड्यांची घडी घालणाऱ्या बाईला घरातली प्रत्येक गोष्ट कळत असते आणि तिला काय कळतं हे कुणालाच कळत नाही. सार्जंट कफ हुशार आहे, त्याला रंगाच्या डागाचं महत्त्व कळतं, रोझानावर त्याचा संशयही जातो. पण सदरा लपवण्यामागे प्रेम हेच कारण असेल हे त्याला सुचत नाही. मोलकरणीच्या प्रेमाला त्या घराच्या हिशेबात जागाच नाही. आपल्या घरांतही हा हिशेब काही वेगळा नाही.

ख्रिस्तीबद्दल लोक म्हणतात की तिची पात्रं पुठ्ठ्याची. मला ते पटत नाही. तिला खोल मनाचं वर्णन करायचंच नसतं. माणूस अडचणीत आला की काय लपवतो, एवढंच ती बघते, आणि तेवढ्यात पुष्कळ येतं. १९३६ सालची 'कार्ड्स ऑन द टेबल' घ्या. एका माणसाच्या घरी जेवण, नंतर ब्रिजचे दोन पट मांडलेले. एका खोलीत चार जण खेळत असतात, आणि त्याच खोलीत शेकोटीपाशी खुर्चीत बसलेल्या यजमानाला कुणीतरी सुरा खुपसतं. चौघांपैकी कुणी? ठसे नाहीत, साक्षीदार नाहीत. ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉयरो काय करतो? तो गुणांचे कागद मागून घेतो. कोणी बेरीज सुबक लिहिली, कोणी खाडाखोड केली, कोणी घाईने. मग प्रत्येकाला विचारतो, डाव कसा चालला होता, खोलीत काय काय होतं? खेळात मुरलेल्या बाईला जवळजवळ सगळे हात आठवतात, खोलीतल्या वस्तू मात्र फारशा नाही. दुसऱ्या कुणाला वस्तू आठवतात आणि खेळ धूसर. आणि एका डावात एकाने अचानक अवास्तव मोठी बोली लावलेली असते. सगळ्यांचे डोळे पत्त्यांवर खिळून राहावेत म्हणून. एवढ्यावरून पॉयरो धाडसी माणूस कोण, हिशेबी कोण, घाबरट कोण हे ठरवतो आणि मग खून कोणत्या स्वभावाचा आहे ते बघतो. आपल्याकडे लग्न ठरवताना मुलाला पत्ते खेळायला बसवून त्याचा स्वभाव बघणारे मामा मी पाहिले आहेत. त्यांना पॉयरो माहीत नव्हता, पण कागद तोच वाचत होते.

मिस मार्पलचं तर आपल्याला काही नवल वाटायलाच नको. १९३० पासून कादंबऱ्यांत वावरणारी ही म्हातारी कोणत्याही खुनाकडे बघून म्हणते की हे आमच्या गावातल्या अमक्यातमक्यासारखं आहे. वाड्यात राहिलेल्या प्रत्येकाला अशी एक आत्या किंवा आजी आठवेल. ओसरीवर भाजी निवडत बसायची आणि आल्यागेल्याच्या चालीवरून त्याच्या घरात काय चाललंय ते ओळखायची. तिने मानसशास्त्राचं पुस्तक हातात धरलं नव्हतं. पन्नास वर्षं माणसं पाहिली होती.

ख्रिस्तीच्या 'फाइव्ह लिटल पिग्ज'मध्ये तर खून होऊन सोळा वर्षं उलटली आहेत. आईला शिक्षा झाली, ती तुरुंगात वारली, आणि आता मोठी झालेली मुलगी पॉयरोकडे येते. पॉयरो त्या दिवशी तिथे असलेल्या पाच जणांना आपापली आठवण लिहून द्यायला सांगतो. पाच कागद, पाच आया. सगळ्यांना वाटलं होतं की बाई कोर्टात स्वतःच्या बचावासाठी लढत नाही म्हणजे गुन्हा तिनेच केला. खरं कारण हे की तिची समजूत झाली होती, हे आपल्या धाकट्या बहिणीने केलं. लहानपणी त्या बहिणीला तिच्याच हातून इजा झालेली. ते ऋण फेडायला ती गप्प राहिली. समजूत चुकीची होती, गप्प राहणं खरं होतं. काकांनी चार वेळा पुस्तक का वाचलं असेल, हे मला अशा पानांवर कळतं.

आता आपल्याकडे वळतो. इथे मला थोडा जास्त वेळ लागेल, कारण आपली जुनी रहस्यकथा अजून नीट वाचली गेलेली नाही असं माझं मत आहे.

बाबूराव अर्नाळकर हे नाव इथे बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला माहीत आहे. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६, मृत्यू १९९६. मुंबईत चष्म्याचं दुकान चालवणारा हा माणूस हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून गेला. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू, गोलंदाज, दर्यासारंग. पातळ पुस्तकं, मुखपृष्ठावर बहुतेकदा रघुवीर मुळगावकरांचं चित्र, आणि गल्लीतल्या लायब्ररीतून एका रात्रीच्या बोलीवर आणलेली. पुस्तक परत न गेल्यास दंड, म्हणून रात्री कंदिलाशी, जिन्यातल्या दिव्याखाली, चोरून वाचलेली. अर्नाळकरांनी मराठी माणसाला वाचायला शिकवलं हे पुष्कळ जण म्हणतात आणि ते खरंच आहे. पण तेवढ्यावर त्यांची पाठ थोपटून आपण पुढे जातो. या कथांतल्या माणसांचं मन काय होतं, हे विचारतच नाही.

मी विचारून पाहिलं, आणि मला एक गोष्ट दिसली. इंग्रजी अभिजात रहस्यकथेत गुन्हेगार मुखवटा घालतो. नायक उघडा असतो. पॉयरोच्या मिशा सगळ्यांना माहीत, होम्सचा पत्ता सगळ्यांना माहीत. अर्नाळकरांच्या कथेत उलटं आहे. खलनायक कोण हे आपल्याला बरंचसं लवकर कळतं. वेषांतर नायक करतो. दुसरं नाव नायकाला असतं. काळापहाडाच्या मागे पोलीस असतात आणि वाचक काळापहाडाच्या बाजूला. इन्स्पेक्टरला जे माहीत नाही ते वाचकाला माहीत असतं. 'खुनी कोण' हा त्या कथेचा मुख्य प्रश्न नाहीच. 'याला धरणार कोण' हा आहे.

असं का? याची दोन-तीन कारणं मला दिसतात. पहिलं, तो काळ. १९४० चं दशक मुंबईच्या वाचकाने कसं काढलं? युद्ध, रेशन, काळा बाजार. धान्यात भेसळ कोण करतो, साठेबाज कोण, सावकार कोण हे चाळीतल्या पोरालाही ठाऊक होतं. गुन्हेगाराचं नाव गुलदस्त्यात नव्हतं. गुलदस्त्यात होता तो त्याच्यापर्यंत पोहोचू शकणारा हात. त्याच काळात, १९४२ साली, याच मुंबईत गुप्त रेडिओ चालत होता, उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत बदलत तो चालवत होते. अच्युतराव पटवर्धन भूमिगत होते. साताऱ्याकडे पत्री सरकार होतं. ज्याला चांगलं काम करायचं आहे त्यानेच नाव लपवायचं, वेष बदलायचा, हे तेव्हाच्या मराठी माणसाने पुस्तकात वाचलं त्याआधी गावात पाहिलं होतं. त्याच्याही आधीच्या आठवणीत आग्र्याहून सुटका होती, बहिर्जी नाईक होता, दारात येणारा बहुरूपी होता. वेष बदलणारा माणूस आपल्या मनाला लबाड वाटत नाही.

दुसरं कारण चाळीचं. दहा बाय बाराची एक खोली, तिच्यात सात-आठ माणसं, सामाईक गॅलरी, सामाईक नळ. पत्र आलं तरी चार जणांना कळणार, भांडण झालं तर चाळीस जणांना. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला स्वतःचं म्हणून काय असतं? बहुतेकांकडे कुलूप लावायला पेटीदेखील नव्हती. त्याला लेखकाने एक गुपित दिलं. काळापहाड कोण हे पोलिसांना माहीत नाही, शेटजीला माहीत नाही, मला माहीत आहे. एका रात्रीपुरतं, एका आण्यात, एक गुपित. दुसऱ्या दिवशी गिरणीत किंवा पेढीत मान खाली घालून काम करताना ते आत असायचं. दिवसा कारकून आणि आत झुंजार. मला वाटतं, या कथांतलं सगळ्यात खोल रंगवलेलं पात्र पुस्तकात नाहीच, ते पुस्तक हातात धरून जिन्यात बसलेलं आहे. आणि लेखकही त्यातलाच. दिवसा चव्हाण, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर बघणारा. पुस्तकावर अर्नाळकर.

ही केवळ मराठी गोष्ट नाही, आणि ती तुम्हाला इथे सांगताना मला विशेष आनंद होतो. पंजाबच्या मातीतल्या लेखकाने, सुरेंद्र मोहन पाठकांनी, १९७१ पासून हिंदीत विमल हा नायक लिहिला. विमलचं खरं नाव सरदार सुरेंद्रसिंह सोहल. पैशाच्या अफरातफरीच्या खोट्या आरोपात अडकलेला, बायकोने दगा दिलेला, तुरुंगातून पळालेला. लपण्यासाठी तो केस कापतो, पगडी उतरवतो, नाव बदलतो, पुन्हा बदलतो, आणि फिरत फिरत मुंबईच्या गुन्हेगारी जगात येतो. काळापहाडाला वेष बदलताना काही गमवावं लागत नाही. सोहलला लागतं. शिखाने केस उतरवणं म्हणजे काय, हे या शहरात मी समजावून सांगायला नको. पाठकांनी वेषांतराला किंमत लावली. ती किंमत अर्नाळकरांच्या कथांत मला कमी सापडते, आणि तिथे आपली रहस्यकथा मनाच्या उंबरठ्यावर थांबली असं मला वाटतं.

नंतरच्यांबद्दल थोडक्यात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचा बनेश, विद्याभवनात शिकणारा काटकुळा पोरगा, त्याला काही सुचलं की तोंडातून 'ट्टॉक' निघतं. तो विचार अंगाने करतो, पळता पळता करतो, आणि म्हणून तो मुलांना खरा वाटला. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास असे नायक दिले. कॉलेजातल्या पोरांची बोली रहस्यकथेत आणली. गुरुनाथ नाईकांनी शेकडो पुस्तकं लिहिली. रत्नाकर मतकरींनी गूढकथेत भीतीची मुळं घरातल्या घरात, नात्यांत शोधली, आणि मराठीत मनाच्या आतल्या अंधाराचं सगळ्यात बारीक काम त्यांच्याकडे आहे. पण ती गूढकथा, रहस्यकथेचा तपास तिथे नसतो. बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश १९३२ पासून स्वतःला सत्यान्वेषी म्हणवून घेतो आणि एका प्रकरणात भेटलेल्या सत्यवतीशी लग्न करून संसार करतो. गृहस्थाश्रमी शोधक. तसा आपल्याकडे झाला नाही.

आणि गुन्हेगार? माझी खरी तक्रार इथे आहे. आपल्या जुन्या रहस्यकथेतला गुन्हेगार दुष्ट असतो म्हणून दुष्ट असतो. शेवटी तो मरतो किंवा पकडला जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचं कारणही जातं. इंग्रजी कथेत कारण बहुधा मृत्युपत्र असतं. आपल्याकडे मृत्युपत्रं किती जण करतात? आपलं कारण बांध आहे. दोन भावांच्या शेतांमधला दोन फुटांचा बांध, दर पावसाळ्याआधी नांगराने एक वीत कोरलेला. सातबाऱ्यावर राहून गेलेलं बहिणीचं नाव, हक्कसोडीच्या कागदावर घेतलेला तिचा अंगठा. विहिरीच्या पाण्याची पाळी. वीस वर्षं एकमेकांशी न बोलता एकाच ओसरीवर जेवणारी माणसं. तेराव्याला आलेली आणि ताटावरून उठून गेलेली. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर 'शेतीच्या वादातून' असे दोन शब्द येतात आणि बातमी संपते. त्या दोन शब्दांच्या आत शिरणारा ख्रिस्तीच्या तोडीचा तपास मराठीत मी अजून वाचलेला नाही. तिथे खुनी कोण हे साऱ्या गावाला पहिल्या दिवशी माहीत असतं. पंचनाम्यात सगळ्यांची जबानी एकसारखी येते. रहस्य असतं ते एवढंच की गाव गप्प का. रोझाना तिथे आहे, भावासाठी गप्प राहिलेली बाई तिथे आहे, चेहऱ्यावर चेहरा लावून बघणारी आत्याही तिथेच ओसरीवर बसली आहे. लिहिणारा नाही.

एक शेवटची गोष्ट, तुमच्यासारख्या शास्त्रज्ञांपुढे मुद्दाम सांगतो. चंदीगडच्या सेक्टर ३६ मध्ये केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. रक्त, धागा, शाई, गोळी, सगळ्याची परीक्षा आता यंत्रं करतात, आणि ती होम्सपेक्षा कितीतरी नीट करतात. मग माणसाचं मनही यंत्राने उघडता येईल का? नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की संमतीशिवाय या चाचण्या कुणावरही लादता येणार नाहीत. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नको, हा घटनेच्या २० व्या कलमातला हक्क त्यामागे आहे. मला हा निकाल रहस्यकथेचा वाचक म्हणून फार जवळचा वाटतो. पॉयरो कुणाला सुई टोचत नाही. तो समोर बसतो आणि विचारतो, त्या संध्याकाळी खोलीत काय काय होतं ते आठवेल तसं सांगा. मनाचं दार माणसाने स्वतः उघडायचं असतं. तपास करणाऱ्याचं काम दाराबाहेर धीराने बसून राहण्याचं.

काकांच्या पुस्तकाकडे परत येतो. 'खुनी – डॉक्टर' हे लिहिणाऱ्याने पुढच्या वाचकाची मजा घालवली, असं मला आधी वाटायचं. आता तसं वाटत नाही; खुनी कळल्यावरही माणसं उरतातच. पण काकांच्या पेटीत जुन्या रहस्यकथांची अशी पुस्तकं आता एकवीसच उरली आहेत. बाकी वाळवीने खाल्ली. काही बदल्यांमध्ये गेली. महाराष्ट्रातही ही पातळ पुस्तकं मोठ्या ग्रंथालयांनी फारशी जपली नाहीत, कारण ती वाङ्मय समजली गेली नाहीत. त्यामुळे माझी आपल्याला एकच विनंती आहे. सुटीत गावी जाल तेव्हा माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, आजोळच्या फडताळात बघा. अर्नाळकर, नाईक, शिरवळकर, कुणाचंही सापडलं तर ते रद्दीत देऊ नका, इथे आपल्या वाचनालयात आणून द्या. कव्हर नसलं तरी चालेल, शेवटचं पान फाटलेलं असलं तरी चालेल. आणि पहिल्या पानावर कुणी खुन्याचं नाव लिहून ठेवलं असेल, तर ते खोडू नका.